गावच्या बँकेची नोट

आमचे एक स्नेही काही वर्षांपूर्वी अमेरिकेहून परत आले. येताना त्यांनी आमच्यासाठी तेथील जुन्या नाण्यांच्या दुकानातून दहा डॉलरची एक नोट आणली होती. प्रथमदर्शनी तिच्यात विशेष असे काही दिसले नाही. मध्यभागी अलेक्झांडर हॅमिल्टनचे चित्र होते, आणि हॅमिल्टन तर आजच्या दहा डॉलरच्या नोटेवरही असतो. परंतु डाव्या बाजूस काळ्या ठळक अक्षरांत एका बँकेचे नाव होते, त्याखाली एका गावाचे नाव होते आणि खालच्या अंगास त्या बँकेच्या रोखपालाची व अध्यक्षाची सही छापलेली होती. ते गाव नकाशावर शोधावयास आम्हांस बराच वेळ लागला. मक्याच्या शेतांनी वेढलेले, आपल्याकडील तालुक्याच्या ठिकाणापेक्षाही लहान असे ते गाव. डॉलरसारख्या बलाढ्य चलनावर या गावाचे नाव आले कसे, आणि त्या गावच्या दोन गृहस्थांच्या सह्यांवर लोकांनी विश्वास तरी का ठेवला, असा प्रश्न आमच्या मनात उभा राहिला. त्या प्रश्नाचा माग काढता काढता जे हाती लागले, ते आज श्रोत्यांपुढे ठेवावयाचे आहे.

छंद म्हटला की तो रिकाम्या वेळचा उद्योग, असे आपण सहज म्हणतो. कोणी पोस्टाची तिकिटे जमवितो, कोणी काड्यापेटीवरील चित्रे. जुन्या नोटा जमविणाराही त्याच पंगतीतला. पण या छंदात एक गंमत दडलेली आहे. येथे जी वस्तू विपुल मिळते ती बहुधा न पाळलेल्या वचनाची खूण असते, आणि जी दुर्मिळ असते ती पाळलेल्या वचनाची. हे कोडे उलगडले की हा छंद नुसता छंद राहत नाही, इतिहास कसा वाचावा याचा तो एक धडाच होऊन बसतो.

नोट म्हणजे काय?

चांदीचा रुपया वितळवला तरी चांदी शिल्लक राहते. नोट जाळली तर राख. नोटेला जी किंमत आहे ती कागदाची नाही, कागदावरील वचनाची आहे. ही कल्पना आपणांस नवी नाही. आपल्या पेठांतून शतकानुशतके हुंड्या चालत आल्या. दर्शनी हुंडी दाखविताच पेढीने पैसे मोजावयाचे, हा रिवाज. हुंडी लिहिणाऱ्या सावकाराची पत जेथवर, तेथवर त्याची हुंडी. गावच्या बँकेची नोट ही अशीच एक दर्शनी हुंडी होय. फरक इतकाच की हुंडी ठराविक रकमेची आणि ठराविक व्यवहारापुरती असते, तर नोट छापील, ठोक रकमेची आणि ज्याच्या हाती पडेल त्याची. ती भाजीवालीपासून जमीनदारापर्यंत सर्वांच्या हातांतून फिरते. हुंडी घेणारा व्यापारी समोरच्या पेढीची पत जाणून असतो. नोट घेणाऱ्या मजुराला ते कसे जाणता यावे? सारा प्रश्न येथेच निर्माण होतो.

रानमांजराच्या बँका

अमेरिकेत १८६३ पूर्वी बँकांना नोटा काढण्याची परवानगी निरनिराळी राज्ये देत असत. १८३७ साली मिशिगन राज्याने आणि १८३८ साली न्यूयॉर्क राज्याने असे कायदे केले की, ठरलेल्या अटी पुऱ्या करणाऱ्या कोणाही मंडळीला विधिमंडळाची खास सनद न घेता बँक काढता यावी. पुढे इतर राज्यांनीही तोच कित्ता गिरविला. १८६० च्या सुमारास साऱ्या देशात दीड हजारांच्या आसपास बँका होत्या आणि त्यांपैकी बहुतेकांच्या नोटा वेगळ्या. रंग वेगळा, आकार वेगळा, चित्रे वेगळी. कोणाच्या नोटेवर नांगर धरलेला शेतकरी, कोणाच्या नोटेवर धूर सोडणारी आगगाडी, तर काही नोटांवर चक्क नाताळबाबा सांताक्लॉज.

चित्रे मोहक होती, पण नोट हाती घेणाऱ्याच्या मनात धाकधूक असे. बँकेच्या गावापासून जसजसे दूर जावे तसतसा नोटेवर बट्टा बसे. पाच डॉलरची नोट परगावच्या दुकानदाराने पाच डॉलरला घ्यावी असे काही नव्हते. तो आधी गल्ल्याखालची एक पुस्तिका काढी. कोणत्या बँकेची नोट किती बट्ट्याने घ्यावी, कोणती बँक बुडाली आणि कोणत्या नोटेच्या खोट्या प्रती निघाल्या आहेत, याची माहिती देणारी अशी नियतकालिके त्या काळी निघत. जॉन थॉम्पसन नावाच्या गृहस्थाने १८४२ साली सुरू केलेले असे एक पत्रक फार खपे. पुढे याच थॉम्पसनने न्यूयॉर्कमध्ये दोन मोठ्या बँका स्थापन केल्या. इतरांच्या नोटांची पत तपासता तपासता तो स्वतःच पतवान झाला!

मिशिगनमधील कायद्याचा तर पुरता बोजवारा उडाला. नोटांच्या बदल्यात नाणी द्यावयाची झाली तर ती तिजोरीत असली पाहिजेत, म्हणून सरकारने तपासनीस नेमले. त्या काळच्या हकीकतींत असे येते की, तपासनीस एका गावाहून दुसऱ्या गावी पोहोचण्याआधीच नाण्यांची तीच पेटी आडवाटेने पुढच्या बँकेत जाऊन बसे. कोठे पेटीत वर चांदीच्या नाण्यांचा थर, तर खाली खिळे आणि काचेचे तुकडे. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, यातलाच हा प्रकार. काही बँकांनी आपले ठाणे मुद्दाम अशा आडरानात मांडले की नोट वटवावयास कोणी तेथवर पोहोचूच नये. जेथे रानमांजरेच काय ती राहावयाची, अशा ठिकाणच्या या बँका, म्हणून लोक त्यांना ‘वाइल्डकॅट’, म्हणजे रानमांजराच्या बँका म्हणू लागले, अशी या नावाची एक व्युत्पत्ती सांगतात. दोन-तीन वर्षांत मिशिगनमधील त्या नव्या बँका बहुतेक साऱ्या बुडाल्या.

सरकारी रोख्यांची ग्वाही

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. युद्धास पैसा हवा. अर्थमंत्री सॅल्मन चेस यांनी एका दगडात दोन पक्षी मारणारी योजना पुढे मांडली. २५ फेब्रुवारी १८६३ रोजी राष्ट्रीय चलनाचा कायदा झाला आणि ३ जून १८६४ रोजी त्याची सुधारलेली आवृत्ती निघाली. ही योजना समजून घेतली म्हणजे आमच्या हातातील नोटेचे कोडे सुटते.

गावातील चार प्रतिष्ठितांनी भांडवल जमवून केंद्र सरकारकडून बँकेची सनद घ्यावयाची. भांडवलातून सरकारचे कर्जरोखे विकत घ्यावयाचे आणि ते वॉशिंग्टनच्या खजिन्यात ठेव म्हणून ठेवावयाचे. त्या रोख्यांच्या किमतीच्या नव्वद टक्क्यांपर्यंत नोटा सरकार छापून देई, आणि त्यावर त्या बँकेचे व गावाचे नाव असे. सरकारला कर्ज मिळाले, बँकेला रोख्यांवरील व्याज मिळाले व शिवाय कर्जाऊ देण्यास नोटा मिळाल्या, आणि लोकांना मिळाले ते सर्वांत मोलाचे, म्हणजे निर्धास्तपण. कारण बँक बुडाली तरी रोखे खजिन्यात सुरक्षित. सरकार रोखे विकून नोटांचे पैसे चुकते करी. शिवाय प्रत्येक राष्ट्रीय बँकेने दुसऱ्या राष्ट्रीय बँकेची नोट पूर्ण किमतीस स्वीकारली पाहिजे, असे बंधन होते. बट्टा संपला. १८६५ च्या कायद्याने राज्यांच्या बँकांच्या नोटांवर दहा टक्के कर बसला आणि त्या जुन्या रंगीबेरंगी नोटा थोड्याच काळात व्यवहारातून नाहीशा झाल्या.

पहिली सनद फिलाडेल्फियाच्या बँकेस मिळाली. लहान गावांचा या योजनेत खरा शिरकाव झाला तो १९०० नंतर. त्या वर्षीच्या कायद्याने ३,००० पेक्षा कमी वस्तीच्या गावात अवघ्या २५,००० डॉलर भांडवलावर राष्ट्रीय बँक काढण्याची मुभा मिळाली आणि रोख्यांच्या दर्शनी किमतीइतक्या पूर्ण नोटा मिळू लागल्या. मग काय विचारता! धान्याची कोठारे, रेल्वेचे लहानसे स्टेशन आणि एक चर्च एवढाच ज्या गावाचा पसारा, त्याच्याही नावाच्या नोटा निघू लागल्या. १८६३ पासून १९३५ पर्यंत १४,००० हून अधिक सनदा दिल्या गेल्या आणि १२,००० हून अधिक बँकांनी आपल्या नावाच्या नोटा काढल्या.

नोटेचा जन्म

या नोटा तावांनी छापल्या जात. बराच काळ एका तावात चार नोटा असत. १९२९ नंतर लहान आकाराच्या नोटा निघाल्या तेव्हा सहा-सहा नोटांचे ताव बँकांकडे जाऊ लागले. प्रारंभीच्या काळात टपालाने आलेल्या तावावर सरकारी अधिकाऱ्यांच्या सह्या छापलेल्या असत, पण बँकेच्या दोघा अधिकाऱ्यांच्या सह्या व्हावयाच्या असत. अध्यक्षाने आणि रोखपालाने टाक दौतीत बुडवून एकेका नोटेवर सही करावयाची आणि मग कात्रीने नोटा वेगळ्या करावयाच्या. म्हणूनच पुष्कळ जुन्या नोटांच्या कडा वेड्यावाकड्या दिसतात. कात्री धरणाऱ्या हाताचा कंप आजही त्या कडेवर वाचता येतो. काही नोटांवर अध्यक्ष किंवा रोखपाल म्हणून स्त्रियांच्याही सह्या आढळतात, आणि ज्या काळात स्त्रियांना मतदानाचाही हक्क सर्वत्र नव्हता, त्या काळातील अशी सही संग्राहक विशेष आस्थेने जपतात.

नोटेवरील चित्रेही विचार करून निवडलेली होती. पहिल्या मालिकेत पाच डॉलरच्या नोटेच्या पाठीवर कोलंबस किनाऱ्यास लागल्याचे दृश्य होते, दहाच्या नोटेवर डी सोटो मिसिसिपी नदीपाशी पोहोचल्याचे, शंभराच्या नोटेवर स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचे. शाळेची पायरी न चढलेल्या शेतकऱ्याच्याही खिशात देशाच्या इतिहासाचे एक पान असे. त्या मालिकेतील दोन डॉलरच्या नोटेवर दोनाचा मोठा आकडा चक्क आडवा झोपलेला आहे. संग्राहक तिला ‘आळशी दुवा’ अशा अर्थाच्या नावाने ओळखतात आणि तिच्यासाठी मोठी किंमत मोजतात.

अशा नोटेचे वाचन करावयास शिकले पाहिजे. तिच्यावर बँकेचे नाव, गाव आणि राज्य असते. १८७४ नंतर तिच्यावर बँकेचा सनद क्रमांकही छापू लागले, आणि हा क्रमांक म्हणजे संग्राहकाच्या हातातील किल्लीच. १९०२ पासून १९२४ पर्यंतच्या काळात क्रमांकाजवळ एक अक्षर आढळते. देशाचा पूर्व भाग, दक्षिण, पश्चिम, पॅसिफिक किनारा अशा विभागांची ती अक्षरे होत. परत आलेल्या नोटांची वर्गवारी करणाऱ्या कारकुनांच्या सोयीसाठी ती घातलेली होती. एखाद्या नोटेवर राज्याऐवजी ‘टेरिटरी’, म्हणजे अद्याप राज्याचा दर्जा न मिळालेला प्रदेश, असे लिहिलेले सापडले तर संग्राहकाचे डोळे लकाकतात. डाकोटा प्रदेशाची १८८९ साली दोन राज्ये झाली. त्यापूर्वी सोन्याच्या खाणींमुळे वसलेल्या डेडवुडसारख्या गावच्या बँकेने काढलेली नोट म्हणजे एका विरून गेलेल्या राजकीय नकाशाचा तुकडाच.

नोटेचे मरण

आता आपण त्या कोड्याकडे वळू. नोट जन्मते तशी ती मरतेही. हातोहात फिरून ती मळते, फाटते. १८७४ च्या कायद्याने वॉशिंग्टनमध्ये या नोटा परत घेण्याची एक स्वतंत्र कचेरी स्थापन झाली आणि प्रत्येक बँकेस आपल्या चालू नोटांच्या पाच टक्के रक्कम तेथे ठेवावी लागे. जीर्ण नोटा तेथे येत, बँकवार वेगळ्या केल्या जात, मोजल्या जात आणि नष्ट केल्या जात. पुढे पुढे त्यांचा यंत्रात घालून लगदा करीत. त्या लगद्याच्या लहान लहान मूर्ती व वस्तू बनवून वॉशिंग्टनला येणाऱ्या प्रवाशांना आठवणीदाखल विकण्याचाही धंदा निघाला होता. हजारो डॉलरच्या नोटांपासून बनलेली ही मूर्ती काही पैशांस मिळे!

म्हणजे काय झाले पाहा. ज्या बँकेने इमानाने आपली प्रत्येक नोट परत घेतली आणि तिचे पैसे दिले, त्या बँकेच्या नोटा लगद्यात गेल्या. तिच्या वचनाचा पुरावाच उरला नाही. उलट १८६३ पूर्वीची जी बँक लोकांना बुडवून गेली, तिच्या नोटा कोणी परत घेतल्या नाहीत. त्या पेट्यांत, माळ्यांवर, बायबलच्या पानांत पडून राहिल्या. ज्यांच्यावर सह्याही झाल्या नव्हत्या असे ताव बँकेच्या कपाटात तसेच राहिले. आज बुडालेल्या बँकांच्या नोटा बाजारात पुष्कळ दिसतात आणि त्यांपैकी कित्येक सामान्य माणसासही परवडतात. पण १९०५ साली निघून वीस वर्षे नेकीने चाललेल्या आणि मग शांतपणे मिटवून टाकलेल्या एखाद्या खेड्यातील राष्ट्रीय बँकेची नोट मिळवावयाची म्हटली तर जन्म जातो. कित्येक बँका अशा आहेत की ज्यांची एकही नोट आजवर कोणास सापडलेली नाही. त्यांतील काहींचे नमुन्यादाखल काढलेले ठसे तेवढे वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत पाहावयास मिळतात.

याचा परिणाम इतिहासाच्या आकलनावर झाल्यावाचून राहत नाही. संग्राहकाच्या वहीत बुडव्या बँकांची गर्दी, म्हणून त्या काळी सगळीकडे लबाडीच माजली होती असे वाटावयाचे. खिळ्यांच्या पेटीची गोष्ट मनोरंजक, म्हणून तीच सांगितली जावयाची. १९८० च्या दशकात आर्थर रॉल्निक आणि वॉरन वेबर या अर्थशास्त्रज्ञांनी काही राज्यांतील बँकांच्या हिशेबांची छाननी केली. तेव्हा असे आढळून आले की, त्या बँका मोठ्या संख्येने बंद झाल्या हे खरे असले तरी त्यांतील पुष्कळांनी बंद होताना नोटाधारकांना पूर्ण पैसे दिले होते, आणि लोकांचे नुकसान परंपरेने समजले जाई त्यापेक्षा पुष्कळ कमी होते. हरवलेल्या वस्तूंचाही हिशेब मांडल्याशिवाय उरलेल्या वस्तूंचा अर्थ लागत नाही, हा धडा या छंदाने आम्हांस दिला.

त्याच युद्धाची मुंबईतील सावली

येथवर ऐकून कोणी म्हणेल, की हे सारे दूरदेशीचे, आपला त्याच्याशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो याच यादवी युद्धातून आलेला आहे. मुंबईत १८४० साली बँक ऑफ बॉम्बे स्थापन झाली. तिलाही स्वतःच्या नोटा काढण्याचा अधिकार होता. तिच्या नोटांवर मुंबईच्या टाउन हॉलचे आणि एल्फिन्स्टन व माल्कम यांच्या पुतळ्यांचे चित्र असे. १८६१ च्या कायद्याने नोटा काढण्याचा अधिकार सरकारने स्वतःकडे घेतला आणि १८६२ पासून बँकांच्या नोटा जाऊन सरकारी नोटा आल्या. अमेरिकेत गावोगावच्या बँकांना राष्ट्राच्या छत्राखाली नोटा काढण्याचा अधिकार मिळत होता, जवळजवळ त्याच वेळी आपल्याकडे बँकांचा तो अधिकार संपत होता.

युद्धामुळे अमेरिकेचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला, आपल्या कापसास सोन्याचे मोल आले आणि मुंबईत पैशाचा पूर लोटला. शेअरांचा सट्टा कळसास पोहोचला. १८६५ मध्ये युद्ध संपले, कापसाचा भाव कोसळला आणि शेअरांच्या तारणावर मुक्तहस्ताने कर्जे दिलेली बँक ऑफ बॉम्बे अडचणीत आली. १८६८ साली ती गुंडाळावी लागली आणि त्याच नावाची नवी बँक उभी राहिली. ही नवी बँक पुढे १९२१ साली इंपीरियल बँकेत आणि तिच्यामार्फत १९५५ साली स्टेट बँकेत विलीन झाली. जुन्या बँकेच्या नोटा आज अत्यंत दुर्मिळ आहेत. एका युद्धाने एका खंडात हजारो बँकांच्या नोटांना जन्म दिला आणि दुसऱ्या खंडात एका मोठ्या बँकेचा घास घेतला.

जमविणाऱ्यांसाठी चार शब्द

अमेरिकेत या छंदास शास्त्राचे रूप हळूहळू आले. डेट्रॉइटचे अल्बर्ट ग्रिनेल यांचा प्रचंड संग्रह १९४४ ते १९४६ या काळात लिलावाने विकला गेला आणि अशा नोटांकडे अनेकांचे लक्ष वेधले. १९५३ साली रॉबर्ट फ्रीडबर्ग यांची अमेरिकन कागदी चलनाची सूची प्रसिद्ध झाली, १९६१ साली कागदी चलनाच्या संग्राहकांची संस्था निघाली आणि १९८२ साली जॉन हिकमन व डीन ओक्स यांनी केवळ राष्ट्रीय बँकांच्या नोटांची सूची छापली. कोणत्या बँकेने किती नोटा काढल्या हे सरकारी दप्तरांतून कळते. किती उरल्या हे संग्राहक एकमेकांस कळवून, अनुक्रमांक टिपून नोंदवितात. एखाद्या बँकेची तिसरी नोट सापडली ही बातमी त्या मंडळींत एखाद्या नव्या ताऱ्याच्या शोधासारखी पसरते.

नवशिक्याने सगळ्याच नोटांच्या मागे लागू नये. एक जिल्हा, एक राज्य किंवा एक मालिका निवडावी. १९२९ च्या मालिकेतील मोठ्या शहरांच्या बँकांच्या नोटा त्यामानाने स्वस्त असतात, तेथून आरंभ करणे बरे. बुडालेल्या बँकांच्या नोटांच्या पिवळट, कडकडीत कागदावर छापलेल्या नकला आठवणीदाखल लाखांनी निघालेल्या आहेत, त्यांपासून सावध असावे. खऱ्या नोटाही धुतलेल्या, इस्त्री केलेल्या, भोके बुजविलेल्या किंवा पुसट सही नव्या शाईने गिरविलेल्या असू शकतात. नोट उजेडापुढे धरून पाहावी. आणि आपल्या हाती आलेली नोट आपण तर मुळीच धुऊ नये, तिला चिकटपट्टी लावू नये, ती प्लॅस्टिकमध्ये वितळवून बंद करू नये. आपल्याकडील पावसाळी हवा, कसर आणि वाळवी यांपासून तिला जपण्यास पॉलिएस्टरचे स्वच्छ पाकीट आणि कोरडे कपाट पुरे.

एक गोष्ट कायद्याची. अमेरिकेने या नोटा कधीच रद्द केल्या नाहीत. शंभर वर्षांपूर्वीच्या खेड्यातील बँकेची दहाची नोट आजही तेथे दहा डॉलरला चालू शकते, अर्थात तसे करणारा वेडाच म्हणावा लागेल. आपल्याकडे २०१६ साली रद्द झालेल्या पाचशे व हजारांच्या नोटांबाबत २०१७ च्या कायद्याने वेगळी व्यवस्था केली. त्या नोटा दहापेक्षा अधिक बाळगणे त्याने निषिद्ध ठरविले, आणि अभ्यास, संशोधन वा चलनसंग्रह यांसाठी ही मर्यादा पंचवीस ठेवली. संग्राहकाने असे नियम ठाऊक करून घेतले पाहिजेत.

ठेवीदाराचे काय?

आता शेवटचा मुद्दा, आणि आमच्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा. त्या गावच्या बँकेची नोट ज्याच्या हाती होती तो निर्धास्त होता, हे आपण पाहिले. पण त्याच बँकेत ज्याने आयुष्याची कमाई ठेव म्हणून ठेवली होती, त्याचे काय? त्याच्या ठेवीमागे खजिन्यात कसलेही रोखे नव्हते. १९३० ते १९३३ या चार वर्षांत अमेरिकेत सुमारे ९,००० बँका बंद पडल्या. राष्ट्रीय बँक बंद पडली तर तिची नोट वाण्याच्या दुकानात पूर्ण किमतीस चाले. पण त्याच बँकेच्या दारात, हातात खातेपुस्तक घेऊन, ठेवीदार ताटकळत उभा असे. एकाच बँकेची दोन वचने, एकामागे ग्वाही होती आणि दुसऱ्यामागे नव्हती. हा भेद डोळ्यांत भरल्यावरच १९३३ च्या कायद्याने तेथे ठेवींच्या विम्याची सोय झाली. आपल्या देशात १९६० साली पालाई सेंट्रल बँक बुडाल्यानंतर हा प्रश्न ऐरणीवर आला आणि १ जानेवारी १९६२ पासून ठेवींचा विमा सुरू झाला. त्या वेळी त्याची मर्यादा १,५०० रुपये होती. २०२० साली ती पाच लाख रुपये करण्यात आली. आपल्या गावच्या बँकेत पैसे ठेवताना, या वचनामागे नेमके काय ठेवलेले आहे, हे विचारण्याचा अधिकार प्रत्येकास आहे आणि ते विचारणे हे आपले कर्तव्यही आहे.

१९३५ साली ज्या रोख्यांच्या आधारे या नोटा निघत ते सरकारने परत घेतले आणि गावोगावच्या नोटांचा अध्याय संपला. आमच्याजवळची नोट त्याच्या अगदी शेवटच्या काळातील आहे. तिच्यावर सह्या असलेले ते दोघे गृहस्थ कोण होते, हे आम्हांस ठाऊक नाही. त्यांच्या बँकेच्या बाकीच्या नोटा बहुतेक लगद्यात गेल्या असतील, म्हणजेच त्यांचे वचन पुरे झाले असेल. ही एक तेवढी कोणाच्या तरी पुस्तकात राहून गेली आणि सात समुद्र ओलांडून आमच्या टेबलावर आली. तिच्यावर आजही लिहिलेले आहे की, धारकाने मागताच दहा डॉलर देण्यात येतील. ते मागावयास आम्ही जाणार नाही.